सरकारी वकील असताना आपला वकील कशाला?

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या भागात अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ असते. परंतु ज्याचे घर फुटले, ज्याचे डोके फोडले गेले, ज्याचा कर्ता मुलगा मारला गेला, त्याला हे शहाणपण परवडत नाही. गुन्हा करतो दुसराच, आणि पायरी चढावी लागते याला. त्या पायरीवर पाय ठेवताच पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. वकील लावायचा की नाही? लावायचा तर कशासाठी? आणि सरकारने वकील दिलेलाच असताना पुन्हा आपला वकील कशाला?

मी कायद्याचा विद्यार्थी नाही, वाणिज्य शाखेचा आहे. पण कोणता खर्च आवश्यक आणि कोणता अनाठायी हे पाहणे हा तर आमचाच विषय. शिवाय माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि कन्नड मागाहून आले. त्यामुळे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी माणसाची कोर्टात होणारी दुहेरी अडचण मला चांगली ठाऊक आहे. त्याला कायदाही परका आणि कागदाची भाषाही परकी. म्हणून हा लेखनप्रपंच.

खटला कोणाचा?

पोलिसांनी कोर्टात पाठवलेल्या कोणत्याही फौजदारी खटल्याचे शीर्षक पाहावे. तेथे ‘कर्नाटक राज्य विरुद्ध अमुक’ असे असते. मार खाल्लेल्या माणसाचे नाव शीर्षकात कोठेच नसते. ते साक्षीदारांच्या यादीत असते. हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. पण यामागे एक चांगला विचार आहे. गुन्हा हा केवळ एका माणसाचे नुकसान नसून सर्व समाजाच्या शांततेचा भंग आहे, असे कायदा मानतो. म्हणून गुन्हेगाराला कोर्टापुढे उभे करण्याचा भार राज्याने आपल्या शिरावर घेतला. तसे नसते तर पैसेवाल्याने आपल्या मारेकऱ्यावर खटला भरला असता आणि गरिबाने मार गिळून घरी बसावे लागले असते.

खटल्याचा खर्चही अर्थातच राज्याचा. तपास पोलीस करतात, दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात आणि खटला सरकारी वकील चालवतो. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात सहायक सरकारी वकील असतो, तर जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात सरकारी वकील. कन्नडमध्ये त्याला ‘सरकारी अभियोजक’ म्हणतात. त्याचा मोबदला सरकारी तिजोरीतून मिळतो; फिर्यादीने त्याला एक रुपयाही देणे लागत नाही.

साधी फिर्याद देण्यासाठीही वकील लागत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्याआधीच सुरू झालेले खटले मात्र जुन्या संहितेप्रमाणे चालतात. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद तोंडी देता येते. पोलिसांनी ती लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, मग सही घ्यावी आणि एक प्रत फुकट द्यावी, असा दंडक आहे. ‘वाचून दाखवावी’ हे दोन शब्द आपल्या भागात फार मोलाचे आहेत. फिर्याद, म्हणजे कन्नडमधील ‘प्रथम वर्तमान वरदी’, कन्नडात लिहिली जाते आणि सांगणारा बोलतो मराठी. तेव्हा लिहिलेले आपल्याला समजेल अशा बोलीत सांगितल्याखेरीज अंगठा वा सही करू नये. फिर्याद घेण्यास नकार मिळाला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. सीमेवर आणखी एक पेच असतो. माणूस औरादचा, मार बसला उदगीरच्या बाजारात, तर फिर्याद कोठे द्यायची? आता ती कोणत्याही ठाण्यात देता येते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम.

तेव्हा पहिले उत्तर असे, की खटला उभा राहण्यासाठी वा चालण्यासाठी पीडिताने वकील लावणे बंधनकारक नाही. पण हे अर्धेच उत्तर झाले.

मग सरकारी वकील आपला नव्हे काय?

बी. कॉम.च्या विद्यार्थ्यांना १८७२ चा भारतीय करार कायदा अभ्यासाला असतो. त्यात कलम १८२ मध्ये अभिकर्ता आणि त्याचा प्रधान यांची व्याख्या आहे. ज्याच्या वतीने काम करायचे तो प्रधान, आणि करणारा तो अभिकर्ता. हाच मापदंड येथे लावून पाहू. सरकारी वकील कोणाचा अभिकर्ता? राज्याचा. त्याला नेमणारे, मोबदला देणारे आणि जाब विचारणारे राज्य आहे. पीडित हा या व्यवहारात तिऱ्हाईत ठरतो.

एवढेच नव्हे, तर सरकारी वकिलाने कसेही करून शिक्षा घडवून आणावी अशीही कायद्याची अपेक्षा नाही. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की सरकारी वकिलाने निःपक्षपाती राहावे आणि आरोपीच्या बाजूची वस्तुस्थितीही कोर्टापासून लपवू नये. हे योग्यच आहे, कारण उद्या आपल्यापैकी कोणावरही खोटा आळ येऊ शकतो. परंतु त्याचा अर्थ असा, की तुमचे दुःख, तुमची भीती, तुमची भरपाई ही सरकारी वकिलाच्या कामात दुय्यम असू शकतात. त्याच्यापुढे एका दिवशी अनेक खटले असतात आणि साक्षीच्या दिवसापर्यंत तो फिर्यादीला ओळखतही नाही, असे पुष्कळदा घडते.

या अर्धवट माहितीपायी माणसे कशी नागवली जातात, याचे एक उदाहरण आमच्या नात्यातच आहे. एका विधवा बाईंचा मुलगा मारहाणीत गेला. गावातील जाणत्या म्हणवणाऱ्यांनी सांगितले, ‘आपला वकील लावल्याशिवाय केस उभीच राहत नाही.’ बाईंनी चाळीस हजार रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले. वकीलपत्र दाखल झाले. पुढे प्रत्येक तारखेला वकील मागच्या बाकावर बसत आणि खटला सरकारी वकीलच चालवीत. हिशेब करून पाहा: दरमहा व्याज १,२०० रुपये, वर्षाचे १४,४०० आणि तीन वर्षांचे ४३,२००. म्हणजे नुसते व्याजच मुद्दलाच्या वर गेले. आणि ज्या दोन गोष्टींवर त्यांचा हक्क होता त्या, म्हणजे मोफत वकील आणि सरकारी भरपाई, त्यांना कोणी सांगितल्याच नाहीत.

आपल्या वकिलाला काय करता येते?

२००८ च्या दुरुस्तीने, जी ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आली, फौजदारी संहितेत ‘पीडित’ या शब्दाची प्रथमच व्याख्या झाली आणि कोर्टाच्या परवानगीने पीडिताला आपल्या पसंतीचा वकील ठेवण्याची तरतूद झाली. नव्या संहितेतही ती कायम आहे. मात्र त्या वकिलाचे काम ‘साहाय्य’ करणे एवढेच. सत्र न्यायालयात खटल्याचा लगाम सरकारी वकिलाच्याच हाती राहतो. खाजगी वकील त्याच्या सूचनेप्रमाणे वागतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पीडिताच्या वकिलाला उलटतपासणी घेण्याचा वा तोंडी युक्तिवाद करण्याचा हक्क नाही. एखादा प्रश्न सुटला असे वाटल्यास त्याने तो सरकारी वकिलाला सुचवावा आणि त्याने तो घेतला नाही तर न्यायाधीशांच्या नजरेस आणावा. मॅजिस्ट्रेट कोर्टात थोडी मोकळीक आहे. तेथे मॅजिस्ट्रेटने परवानगी दिल्यास फिर्यादी स्वतः किंवा त्याचा वकील खटला चालवू शकतो.

म्हणून जो कोणी ‘माझ्याकडे द्या, सत्र न्यायालयात मी तुमची केस लढतो’ असे सांगतो, त्याला आधी विचारावे, ‘साहेब, नेमके काय करणार?’ खटला फार गंभीर असेल तर सरकार विशेष सरकारी वकील नेमू शकते. खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडात अॅड. उज्ज्वल निकम यांची नेमणूक अशीच झाली होती. त्यासाठी पीडिताने सरकारकडे मागणी करायची असते.

आपला आवाज नेमका कोठे लागतो?

माझ्या मते खटल्याच्या वाटेवर पाच वळणे अशी आहेत, जेथे पीडिताच्या वतीने बोलणारा माणूस हवाच.

पहिले वळण तपासाचे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी असे नव्या संहितेत आहे. तपास थंडावला तर मात्र वरच्या कोर्टात जावे लागते. वचनसाहित्याचे थोर संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. दोन वर्षे उलटूनही तपास पुढे सरकेना, तेव्हा त्यांच्या पत्नी उमादेवी कलबुर्गी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तो तपास गौरी लंकेश प्रकरणाचा तपास करणाऱ्या विशेष पथकाकडे सोपवला आणि त्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची देखरेख ठेवली. त्याच वर्षी दोषारोपपत्र दाखल झाले. बसवण्णांच्या कल्याणजवळ राहणाऱ्या आपणा सर्वांना ही घटना माहीत आहे. पण तपासाला गती मिळाली ती पीडित कुटुंबाच्या अर्जाने, ही गोष्ट आपण विसरतो.

दुसरे वळण ‘बी रिपोर्ट’चे. पोलिसांनी प्रकरणात तथ्य नाही असा अहवाल दिला तर तो स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंतसिंग प्रकरणात सांगितले आहे. अशी नोटीस आली की ती कोनाड्यात न ठेवता हरकतीचा अर्ज द्यावा. नोटीस कन्नडमध्ये असते. ‘नंतर कोणाकडून तरी वाचून घेऊ’ म्हणत तारीख निघून जाते.

तिसरे वळण जामिनाचे. लखीमपूर खीरी प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयातील ऑनलाइन सुनावणीत पीडितांच्या वकिलांचा संपर्क तुटला, त्यांचे म्हणणे राहून गेले आणि आरोपीला जामीन मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन रद्द केला आणि तपासापासून शेवटपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकले जाण्याचा हक्क आहे असे सांगितले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घातले गेले. त्यानुसार जामिनासह प्रत्येक कामकाजाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे.

चौथे वळण खटला मागे घेण्याचे. सरकारने खटला काढून घ्यायचे ठरवले तर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टाने परवानगी देऊ नये, असे नव्या संहितेचे कलम ३६० सांगते. जुन्या संहितेत हे नव्हते.

पाचवे आणि सर्वात मोठे वळण अपिलाचे. आरोपी सुटला आणि सरकारने अपील केले नाही तर? येथे आपल्याच कर्नाटकातील एका माणसाचे ऋण साऱ्या देशावर आहे. बागलकोट जिल्ह्यातील मल्लिकार्जुन कोडगली यांच्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये हल्ला झाला. २०१३ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. कोडगली उच्च न्यायालयात गेले, तर अपील चालण्याजोगेच नाही असे उत्तर मिळाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला, की निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताला अपिलाचा हक्क आहे आणि त्यासाठी कोर्टाची आगाऊ परवानगीही लागत नाही. निकालाच्या शीर्षकात कोडगली यांच्या नावापुढे ‘मयत’ असा शब्द आहे. ज्याने दार उघडले, त्याला आत जाता आले नाही.

हा हक्क तीन बाबतींत आहे: आरोपी सुटल्यास, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरल्यास, किंवा भरपाई अपुरी दिल्यास. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून पीडिताला या तरतुदीखाली अपील करता येत नाही. मॅजिस्ट्रेटने सोडले तर अपील सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाने सोडले तर उच्च न्यायालयात. पूर्वी त्यासाठी बीदरहून सुमारे सातशे किलोमीटरवरील बेंगळुरू गाठावे लागे. २००८ मध्ये गुलबर्ग्याला फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. आज कलबुरगीला सकाळी जाऊन रात्री घरी परतता येते.

फी कोण देणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या पाच वळणांवर वकील हवा हे मान्य केले, तरी त्यासाठी शेत गहाण टाकावे लागते काय? मुळीच नाही.

बीदर आणि कलबुरगी येथे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. ‘उचित कानूनु नेरवु’ हे तेथील कन्नड शब्द. येथे भाषेची गंमत पाहा. कोणी वाचून दाखवले तरी मराठी माणूस ‘उचित’ म्हणजे योग्य असे समजून पुढे जातो. कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे मोफत! एका शब्दाच्या फरकाने हजारो रुपयांचा हक्क हातचा जातो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार इत्यादींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात याच कामाची समिती असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांना २०१२ च्या पोक्सो कायद्याने स्वतःचा वकील घेण्याचा हक्क दिला असून ऐपत नसल्यास तो प्राधिकरणाने द्यायचा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकीलही नेमू शकतात.

भरपाईचेही असेच आहे. कर्नाटकात पीडितांसाठी २०११ ची भरपाई योजना आहे. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याचे आश्रित प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असे कायदाच म्हणतो. या अर्जाला वकील असलाच पाहिजे असे नाही.

जेथे सरकारी वकील नसतोच

दोन प्रकार वेगळे काढले पाहिजेत, कारण व्यापारी बांधवांचा नेहमी गोंधळ होतो. चेक न वटणे हा गुन्हा असला तरी तो खटला पोलीस भरत नाहीत. ज्याचे पैसे बुडाले त्यानेच भरायचा असतो. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यास १५ दिवस, आणि ती मुदत संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. येथे आपला वकील लागतोच. आरोपी सुटला तर असा फिर्यादीही ‘पीडित’ म्हणून अपील करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवले. दुसरा प्रकार मोटार अपघाताचा. ड्रायव्हरवरचा खटला सरकार चालवते, पण नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे आपणच करायचा आणि तोही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. त्यात ‘मिळेल त्यातला इतका टक्का माझा’ असा करार कोणी पुढे केला, तर तो बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सारांश, पीडिताला खटला चालवण्यासाठी वकील लागत नाही. आपले म्हणणे कोर्टाच्या कानी जाण्यासाठी लागतो. पहिल्या कामाचे पैसे राज्य भरते. दुसऱ्या कामासाठी आधी प्राधिकरणाची पायरी चढावी, आणि सावकाराची चढूच नये. स्वतःचा वकील लावण्याची ऐपत असेल तर जरूर लावावा, पण कोणत्या वळणासाठी लावतो हे ठरवून आणि फीची पावती घेऊन.

एक विनंती माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना आहे. या अंकाच्या दोन्ही विभागांतील मजकूर वाचू शकणारे आपण थोडेच आहोत. मराठीत ऐकून कन्नडात अर्ज लिहिणे, कन्नड नोटीस वाचून मराठीत समजावणे आणि तिच्यावरील तारीख वहीत टिपून देणे, एवढे काम आपणास सहज जमते. त्याला पदवी लागत नाही आणि खर्चही नाही. गावात एखाद्या घरी असा कागद आला असेल, तर तो याच आठवड्यात जाऊन वाचून दाखवावा. तारीख कोणासाठी थांबत नाही.